मामांच्या गाऱ्हाण्यातली विहीर

काही माणसांना दमा असतो, तसा माझ्या बायकोच्या मामांना आमच्या गावाचा इतिहास होता. चढण लागली की तो उसळायचा. आणि धक्क्यापासून देवळापर्यंत जाणारी आमची जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी म्हणजे सगळीच चढण. बाकीचे लोक ती विडी विझायच्या आत चढून जात. मामा सकाळी निघाले तर देवळात पोचेपर्यंत नैवेद्याची वेळ टळून गेलेली असे. प्रत्येक पायरीशी ते थांबायचे, धोतराचा सोगा खांद्यावर टाकायचे आणि शेजारी जो कोणी असेल त्याचा दंड धरायचे. शेजारी कोणी नसेल तर पायरीवर पहुडलेल्या कुत्र्याला सांगायचे. एकदा पलीकडच्या गावातलं वऱ्हाड मचव्यातून आलं. त्याला आणायला कोणीतरी अविचाराने मामांना धक्क्यावर पाठवलं. मुहूर्त दुपारचा होता. नवरदेव मांडवात पोचला तेव्हा भटजी जेवून आडवे झाले होते आणि नवरीच्या डोळ्यांतलं काजळ पार हनुवटीपर्यंत आलं होतं. नवरीचा बाप मामांच्या अंगावर धावून गेला, तर मामा शांतपणे म्हणाले, "मुहूर्त काय मेला दुसरा लागेल. जुन्या जकातनाक्याचो चौथरो ह्या पोराला परत कोण दाखवणार हाय?" त्या नवरदेवाने पुढे आयुष्यभर सासुरवाडीला येताना मागच्या पाणंदीची वाट धरली.

दुसऱ्या गावांचे इतिहास कसे असतात ते वाचकांना ठाऊक आहे. एखादा राजा घोड्यावरून उतरतो, पाणी पितो आणि त्या पाण्यावर गाव चारशे वर्षं जगतं. मामांच्या इतिहासात राजा नव्हता. "आपल्याकडे कोणी आला नाय," ते अभिमानाने सांगायचे. "एकदा आरमार खाडीच्या तोंडाशी आलं होतं. ओहोटी लागली, परत गेलं. आपले लोक बघायलाही उठले नाहीत, भात कापणीची घाई होती." त्यांच्या इतिहासात कोणाचा फणस कोणी चोरला, कुठल्या घरातली सून कुठल्या आडात पडली आणि पडली की ढकलली, असलीच प्रकरणं. सनावळीशी त्यांचं वैर होतं. माडाच्या एका भांडणात त्यांना साक्षीला बोलावलं. मुन्सफांनी विचारलं, "माड कोणत्या साली लावला?" मामा म्हणाले, "मानमोडीच्या तापाआधी, पण काशीबाय सासरी नांदायला गेली त्याच्यानंतर." मुन्सफ चुकले. त्यांनी विचारलं, "ही काशीबाय कोण?" मामा कठड्यावर हात टेकून सरसावले आणि म्हणाले, "तेच सांगतो." कोर्ट उठायच्या सुमाराला काशीबायच्या सासूचं नुकतंच कुठे बाळंतपण झालं होतं. तेव्हा वादी-प्रतिवादी दोघांनी बाहेर जाऊन आपसांत मिटवून टाकलं. निदान जेवायला घरी तरी जाता यावं.

मी या गावच्या म्युनिसिपालटीत कारकून होतो. म्युनिसिपालटी लहान, दिव्यांचे खांब त्याहून लहान. मामा म्हणायचे, "जावईबापू, अंधारात दिवा कुठे होता तेवढं समजावं म्हणून हे खांब, काय?" मी हसायचो. त्यांच्या बोलण्याला सगळेच हसत. पण पाखाडीच्या मध्यावर, जिथे म्युनिसिपालटीची विहीर आहे, तिथे मामा थांबले की माझं हसू थांबायचं. ते का, हे मी आजवर कुठे लिहिलेलं नव्हतं. मामांविषयी लिहायचं तर ते वगळता येत नाही. वगळून लिहायचा प्रयत्न केला होता, मामा त्यात कुठेच दिसेनात.

त्या वेळी या विहिरीचं पाणी गावात सगळ्यांना मिळे, पण विहिरीला शिवता सगळ्यांना येत नसे. खाडीच्या कडेला खालची वाडी आहे. तिथल्या लोकांच्या सावलीचाही आम्हांला विटाळ होई. त्यांच्या बाया सकाळी कळश्या घेऊन वर येत आणि विहिरीपासून अंतर राखून बसून राहत. वरच्या आळीतल्या कोणी पोहरा ओढायचा आणि त्यांच्या कळश्यांत उंचावरून पाणी ओतायचं. याला आम्ही 'पाणी वाढणं' म्हणत असू. जेवायला वाढावं तसं. विहीर म्युनिसिपालटीची, म्हणून हे काम आमच्या शिपायाकडे होतं. तो म्हातारा झाला, त्याच्याने दोर ओढवेना. मी नवा होतो, हातात जोर होता, म्हणून ते माझ्याकडे आलं. मला त्यात कमीपणा वाटला नाही. उलट थोडं पुण्यच वाटे.

मग पटकीची साथ आली. पहिली माणसं खालच्या वाडीत दगावली. माझी बायको तेव्हा पहिलटकरीण होती. मला कोणी हुकूम केला नाही, अध्यक्षांनी काही सुचवलं नाही, विहिरीला कोणी काटेरी कुंपण घातलं नाही. मी एवढंच केलं, की सकाळी उठून विहिरीवर गेलो नाही. पोटात कळ आली असं घरी सांगितलं आणि दार लावून पडून राहिलो. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. वरच्या आळीतल्या ज्याने त्याने आपापली दारं लावली होती, तेव्हा माझं दार काही वेगळं दिसत नव्हतं. बाया येऊन बसत होत्या हे मला माहीत होतं, कारण रिकाम्या कळश्या दगडावर टेकल्याचा आवाज आमच्या माजघरात येई. विहीर काठोकाठ भरलेली. दोर जागेवर, पोहरा जागेवर. त्या उन्हं चढेपर्यंत बसत आणि उठून जात. मग खाडीकाठी रेतीत खणलेल्या खड्ड्यातलं पाणी पीत. त्याच खड्ड्याशी वाडीतले लोक रोग्यांचे कपडे धूत होते. पुढे त्या वर यायच्या थांबल्या. मला बरं वाटलं. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मामा त्या दिवसांत मुंबईला भाच्याकडे गेले होते. साथीमुळे बोटी बंद, म्हणून अडकून पडले. परत आले ते धक्क्यावरून सरळ खालच्या वाडीत गेले आणि तिथून वर आमच्या ओटीवर. घामाघूम झालेले. बायको बाळंतीण झाली होती, मुलगी झाली होती. मामांनी मुलीला मांडीवर घेतलं, तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मला म्हणाले, "जावईबापू, पाणी कोण वाढत होतं?" मी म्हणालो, "सगळीच गडबड होती हो मामा." त्यांनी मान हलवली. पुन्हा कधी विचारलं नाही.

त्यानंतर त्यांच्या इतिहासात एक मुक्काम वाढला. विहिरीशी आले की दंड धरायचे नाहीत, सोगा खांद्यावर टाकायचे नाहीत. फक्त सांगायचे, "पटकीच्या साली ही विहीर भरलेली होती. तहानलेली माणसं इथे बसून होती. पाणी वाढणारा आला नाय." ऐकणाऱ्याने विचारलंच, की कोण होता तो, तर म्हणायचे, "होता कोणतरी गावातलाच." बऱ्याचदा मी शेजारी उभा असे. त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नाही. त्या न पाहण्याचा मला राग येई, हेही सांगून टाकतो.

पुढे कलेक्टरसाहेब येणार म्हणून गावाची माहिती लिहून तयार ठेवायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. धक्का, बाजार, शाळा, दिवे, सगळं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. साथीबद्दल एकच ओळ होती: 'पाण्याची व्यवस्था चोख ठेवण्यात आली.' अध्यक्ष खूश झाले. मामांनी मला ते ओटीवर मोठ्याने वाचायला लावलं. त्या ओळीशी मला थांबवलं. "चोख म्हणजे काय हो, जावईबापू?"

"म्हणजे... नीट. व्यवस्थित."

"असं व्हय," मामा म्हणाले आणि सुपारी कातरत बसले. त्या दिवशी त्यांनी एवढी सुपारी कातरली, की बायको म्हणाली, "मामा, कोणाचं लग्न ठरलंय काय?"

त्याच साली शिमग्यात ते घडलं. आमच्या देवीची पालखी घरोघर फिरून सहाणेवर, म्हणजे तिच्या दगडी चौथऱ्यावर, बसली, की गावाच्या वतीने देवीपुढे गाऱ्हाणं घालतात. तो मान पिढ्यान्‌पिढ्या मामांच्या घराण्याकडे. नारळ हातात धरून ते गावाचं सुखदुःख देवीला सांगायचे आणि दर वाक्याला सगळा गाव 'व्हय महाराजा' म्हणून हुंकार भरायचा; देवी असली तरी गाऱ्हाण्यात ती महाराजाच. गावाने हुंकार भरल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. जे गावाला कबूल नाही ते देवीला ऐकू जात नाही, अशी समजूत. मामांचं गाऱ्हाणं लांबलचक. पालखीचे भोई बसल्या जागी डुलक्या घ्यायचे. पण आवाज असा, की दर्यात गेलेल्यांनीही काठावर यावं.

"बा गाव राखणाऱ्या, शीव राखणाऱ्या, जळात नि कातळात असणाऱ्या महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आज तुझी लेकरां तुझ्या पायाशी गोळा झाली, त्यांच्या गुराढोरांस, पोराबाळांस सांभाळ!"

"व्हय महाराजा!"

"कोणी दर्यात असात, कोणी मुंबैस असात, त्यांस सुखरूप घरी आण!"

"व्हय महाराजा!"

मामांनी श्वास घेतला. "पटकीच्या साली विहिरीवर माणसां तहानलेली बसली आणि ह्या गावानं त्यांस पाणी वाढलां नाय. ती चूक ह्या गावाची. ती पदरात घे आणि गावाला क्षमा कर!"

हुंकार आला नाही.

ढोल आधीच थांबले होते. अध्यक्ष पागोटं सारखं करत होते. लांब, आंब्याखाली, खालच्या वाडीतली माणसं उभी होती, ती आमच्याकडे बघत होती. मामांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तितक्याच मोठ्याने. मी त्यांच्या मागे हाताच्या अंतरावर उभा होतो. दोन शब्द होते. एकाने म्हटले असते तर चार जणांनी म्हटले असते. एवढ्या मोठ्या गावाच्या आवाजात माझा आवाज कोणाला ओळखूही आला नसता. मी तोंड उघडलं आणि मिटलं. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "मामा, नारळ फोडा आता, उन्हं कलली." कोणीतरी हसलं. मामांनी नारळ फोडला नाही. देवीच्या पायाशी अलगद ठेवला आणि चालू लागले.

पुढच्या वर्षी गाऱ्हाण्याचा मान त्यांच्या चुलतभावाकडे गेला. मामा भांडले नाहीत. ते गप्प झाले. पाखाडी चढायला त्यांना आता काहीच वेळ लागेना. पाहुणे आले, जकातनाक्याचा चौथरा कुठला म्हणून विचारू लागले, तर मामा बोटाने दाखवायचे आणि आत जायचे. गावातले लोक म्हणायचे, बरं झालं, म्हातारा सुधारला. लग्नं वेळेवर लागू लागली. एका पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन मामा गेले.

त्यांचं दिवसकार्य आटोपल्यावर एका सकाळी आमच्या अंगणाच्या कडेला खालच्या वाडीतली एक म्हातारी येऊन उभी राहिली. पटकीच्या साली तिची सून गेली होती. "मामा कुठं हायत?" तिने विचारलं. "आठ-पंधरा दिवसांनी यायचं. ह्या खेपेस आलं नाय."

मी सांगितलं. ती तिथेच खाली बसली. मग म्हणाली, "आमच्या मेलेल्यांची नावां पाठ करायचं ते. मान परत मिळाला की गाऱ्हाण्यात घालनार व्हतं. पुढल्या साली, पुढल्या साली, करत ऱ्हायलं."

बायको दारात उभी होती. तिच्यासमोरच माझ्या तोंडून निघालं, "त्या वेळी पाणी वाढणारा मी होतो."

म्हातारीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी नवल म्हणून स्वतःचंच नाव सांगत होतो. "ठावं हाय की," ती म्हणाली. "तुमचीच तर वाट बघत बसलो व्हतो आमी. तुमाला वळखनार नाय काय?"

"मामांना...?"

"आल्या दिशीच सांगितला त्यांस. म्हनालं, नाव मी घेनार नाय, त्यानं सोता घेयाला होवा."

बायकोने माझ्याकडे बघितलंही नाही. आत गेली, चटई आणून ओटीवर पसरली आणि म्हणाली, "वर येऊन बसा." म्हातारी वर आली नाही. पायरीवर टेकली. चटई मोकळीच राहिली आणि मी त्या चटईकडे बघत उभा राहिलो.

"लई बोलायचा मानूस," म्हातारी म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. "आमचीच गोष्ट आमाला सांगायचा. चुलीवर भात करपायचा माझा, तरी उठायचा नाय." मग तिने बोटांवर नावं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. "पन नावां काय ध्यानात ऱ्हायची नाय त्यांच्या. सासूचं सुनेला लावायचं, सुनेचं नणंदेला. दर खेपेला मी वराडायची, मामा, चुकलास. की परत पहिल्यापासनं." ती खाडीच्या बाजूला बघत राहिली. "आता चुकायलाबी कोन येत नाय."