हौद्याचा पत्रा

माझ्या पिकअपचं इंजिन आजही एका चावीत चालू होतं. गाडी कशी आहे असं कुणी विचारलं की मी हेच सांगतो. बाकी सांगण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

गाडी खाल्ली ती मुतानं. आसपासच्या गावांतल्या शेळ्यामेंढ्या बाजाराला नेणं हा माझा धंदा. जनावराचं मूत गाडीच्या मागच्या हौद्याच्या सांध्यांत मुरतं आणि लोखंड आतून पोखरतं. प्रत्येक फेरीनंतर मी बोअरच्या पाण्यानं हौदा धुवायचो. बायको म्हणायची, "रोज घरापुढं चिखल करायलाव." तरी रंग फुगायचा, नख लावलं की तांबडी पापडी हातात यायची. मग गॅरेजात जायचं, ठिगळ मारून घ्यायचं. पुढच्या वर्षी ठिगळाच्या शेजारचा पत्रा जायचा. नंतर नंतर मी नुसता कंटाळलो होतो. रागसुद्धा यायचा बंद झाला.

गेल्या उन्हाळ्यात नेहमीचं एक म्हातारं जोडपं शेळ्या घेऊन सेलूच्या बाजाराला निघालं. बाबा माझ्याशेजारी केबिनमध्ये, मावशी मागं शेळ्यांत. त्यांना तिथंच बरं वाटायचं. देवगाव फाट्याच्या अलीकडं गाडी खड्ड्यात आदळली आणि मागून केबिनवर धपाधप हात पडले.

"थांब रं लेकरा, थांब! शेळीचा पाय खाली गेलाय!"

काळ्या शेळीचा मागचा पाय पत्रा फोडून मांडीपर्यंत खाली गेला होता. मी गाडीखाली उताणा शिरलो. मावशी वरून तिला उचलायच्या, मी खालून पाय ढकलायचो. गंजाचा चुरा डोळ्यांत पडत होता. आधाराला चेसिस धरली, तर बोट आत गेलं. ओल्या पुठ्ठ्यात जावं तसं. शेळी ओरडत होती आणि मी क्षणभर त्या भोकाकडंच बघत राहिलो.

पाय निघाला, पण मोडला होता. बाबांनी बांधावरच्या कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या आणल्या, मावशींनी पदराची पट्टी फाडून त्या बांधल्या.

"आता हिला कोन घेतंय बाजारात?" बाबा म्हणाले.

"घरीच ठिवू," मावशी म्हणाल्या. "बाकीच्या तर न्या. निघालोतच तर."

भोकावर पोतं अंथरून मावशी शेजारी टेकल्या, शेळीचं डोकं मांडीवर घेतलं. मी अगदी सावकाश गाडी नेली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या मिस्त्रीनं चेसिसवर हातोडी मारून बघितली. आवाज भदभद आला.

"वेल्डिंग धरायला चांगलं लोखंड लागतं भाऊ," तो म्हणाला. "इथं हाय कुठं? इंजिन काढून विका, बाकी भंगारात द्या."

बायकोचंही तेच म्हणणं पडलं. मी दोघांना हो म्हणालो आणि विकायचं काही केलं नाही. एवढं मात्र ठरवलं, की हौद्यात जीव चढवायचा नाही. आता जवळपासच्या शेतांतून कडबा आणतो, तोही थोडाच.

दिवाळीनंतर मावशी आणि बाबा पुन्हा दारात आले. मागं शेळ्या. काळी लंगडत होती, पण बऱ्यापैकी चालत होती.

"मावशी, माझ्या गाडीत नको," मी म्हणालो. "ती आता जनावराच्या कामाची न्हाई."

"मग आमी न्यायच्या कशात?"

मी चप्पल घातली, फाट्यावर गेलो आणि ओळखीच्या एकाची नवी गाडी बोलावली. तिचा हौदा अजून चकचकीत होता. काळीला मी स्वतः उचलून वर ठेवलं. मावशी तिच्याशेजारी बसल्या, बाबा केबिनमध्ये.

"पानी मारून धूत जा रं," मी त्या ड्रायव्हरला म्हणालो.

"धुतो की," तो म्हणाला आणि निघाला.

मी घरी येऊन सकाळी आणलेल्या कडब्याच्या पेंढ्या माझ्या गाडीतून उतरवायला लागलो.