पऱ्हाटीचं तेल

त्या वर्षी ऊस उभा वाळला. आमच्या सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटणार नाही, हे दसऱ्याआधीच कळून चुकलं. मी तिथल्या प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. साखरच नाही तर तपासायचं काय? मला रिकामं बसवत नाही, बसलो की डोकं फिरतं.

शेतातल्या कापसाच्या पऱ्हाट्याही वाळून नुसत्या काड्या झाल्या होत्या. त्यांचे तुकडे पातळ ॲसिडमध्ये उकळले की वाफेबरोबर फरफ्युराल नावाचं तेलकट रसायन निघतं आणि त्याला गिऱ्हाईक असतं. पाऊस झाला की शिरूरकडचं आमचं कोरडवाहू रान पोटापुरतं पिकायचं. नाही झाला की दादा-वहिनी बिऱ्हाड बांधून कोल्हापूरकडे ऊसतोडीला निघायचे. मुकादमाचा ट्रक दारात यायच्या आत हा धंदा कारखान्याच्या गळी उतरवायचा आणि दादाला इथंच कामाला लावायचं, एवढंच मला सुचत होतं.

पऱ्हाट्या दादानंच उपटून आणल्या. ॲसिड कशाला, त्यानं विचारलं. म्हटलं, ते उत्प्रेरक आहे. लाकडाकडून काम करून घेतं, स्वतः मात्र खर्च होत नाही.

"म्हंजी मुकादमच की," दादा म्हणाला.

एरवी मी हसलो असतो.

चेअरमनसाहेब येणार त्या दिवशी मी सकाळपासून येरझारा घालत होतो. दादावर दोनदा उगाच खेकसलो. शेवटी त्यांच्यासमोर नळीतून पिवळसर थेंब गळायला लागले, खोलीभर बदामासारखा वास सुटला आणि माझा जीव भांड्यात पडला.

"लई भारी हाय," चेअरमन म्हणाले. "पानी किती लागतंय?"

वाफ करायला लागतं, ती थंड करायला त्याहून जास्त लागतं. दादा बादलीमागून बादली ओतत होता, ते त्यांना दिसतच होतं. मी खरं ते सांगितलं.

"गावाला प्यायला टँकर लागतोय. औंदा न्हाई जमायचं. पाऊस झाल्यावर बघू," म्हणत ते चहा न घेताच उठले.

मला असा संताप आला की हातातली बाटली आपटावीशी वाटली. राग नेमका कुणावर काढावा, तेही कळेना. दादाला म्हटलं, "थोडा दम धर. पाऊस झाला की नक्की करतील."

दादा रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर बसला होता.

"पाऊस झाल्यावर मी जातोय कशाला?" तो म्हणाला.