आवाजावरून बेतलेला कोट

आमच्या गल्लीतल्या टेलर मास्तरांचं बाहेर काहीतरी आहे, अशी बातमी मध्यंतरी उठली. मी उठवली नव्हती, फक्त घरोघर पोचवली. आणि कारणही तसंच होतं. भर दुपारी हा गृहस्थ दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढायचा, आत मशीन घरघरायचं आणि मधूनच गुणगुणणं ऐकू यायचं. साठीला टेकलेला माणूस गुणगुणायला लागला की गल्लीचे कान टवकारणारच.

शेवटी मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनीच, शटरखालून वाकून आत शिरल्या. आधाराला म्हणून मीही शिरलो. कपाटातून सवत निघाली नाही, कोट निघाला. बंद गळ्याचा, डाळिंबी रंगाचा, आत रेशमी अस्तर, आणि चांगला पुरुषी. वहिनींचा जीव भांड्यात पडला आणि लगेच उकळायलाही लागला.

"माझ्या पोलक्याची काख उसवलीय, टाचणी लावून फिरतेय मी! आणि हा थाट कुणासाठी?"

"दादांसाठी," मास्तर देवाचं नाव घ्यावं तसे म्हणाले.

दादा म्हणजे एका लोकगीत मंडळाचे मुख्य गायक. म्हणजे मास्तरांच्या समजुतीप्रमाणे. हे मंडळ पहिल्यांदाच आमच्याकडे कार्यक्रमाला येणार होतं. मास्तरांपाशी त्यांची एकच कॅसेट, तिच्यावरचं कव्हर कधीच गहाळ झालेलं. दुकान उघडलं की ती सुरू, आणि तिच्या ठेक्यावर मास्तरांचा पाय मशीनवर चालायचा. टेपरेकॉर्डर मशीनच्याच वयाचा. आतला पट्टा सैल पडलेला, त्यामुळे गाणं जेवून उठल्यासारखं रेंगाळत चालायचं आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा घोगरा यायचा. पट्टा बदलून देतो, असं रेडिओ दुरुस्तीवाला सांगून थकला. मास्तर ऐकतील तर शपथ. "ठेका बदलला तर माझी शिलाई वाकडी जाईल!"

"पण दादांचं माप कधी घेतलंत?" मी विचारलं.

"माप कशाला लागतंय? गिऱ्हाईक बाहेरून 'आहात का मास्तर' म्हणालं की मला त्याची छाती कळते. हा आवाज चव्वेचाळीसच्या खालच्या छातीतून निघणारच नाही. अंगावर घातल्यावर कुठे बोटभर चुकला, तर गळ्यातली ही मोजपट्टी काढून ठेवीन. परत घालणार नाही."

असं वाक्य माझ्यासमोर बोलावं का माणसाने? दिवेलागणीपर्यंत गल्लीभर झालं.

मग चौकात कार्यक्रमाचा फलक लागला. फोटोत पाच आडदांड पुरुष, आणि मध्ये मुठीएवढी एक बाई. वहिनी म्हणाल्या, "अहो, मला तर ही मधलीच गाणारी वाटते."

"ती झांजा वाजवत असेल. दादा म्हणजे तो मिशीवाला."

मी गप्प बसलो. आमच्या घरच्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

कार्यक्रमाला अख्खी गल्ली एका रांगेत. मास्तरांच्या मांडीवर कोटाचं गाठोडं आणि गळ्यात मोजपट्टी, काढायची विसरलेली. पडदा उघडला. मिशीवाला ढोलामागे जाऊन बसला. मुठीएवढी बाई पुढे आली, माईक वीतभर खाली ओढला आणि तिने मास्तरांचंच लाडकं गाणं सुरू केलं. आवाज नव्या सुईसारखा लखलखीत, आणि वेग? पट्टे शाबूत असलेल्या जगाचा.

"ही दादांचं गाणं का म्हणतेय?" मास्तर माझ्या कानात.

"मास्तर, हेच तुमचे दादा."

त्यांचा चेहरा कापड आटल्यासारखा झाला. मी रुमाल तोंडात कोंबला. पण खाली पाहतो तर त्यांचा पाय फरशीवर मशीन चालवतोय! आधी मागे पडत होता, मग धापा टाकत गाठला त्याने ठेका, आणि तिसऱ्या गाण्याला असा सुटला की काय सांगू. त्या वेगाने दुकानात शिवलं असतं तर वहिनींची टाचणी केव्हाच सुटली असती.

गाणी संपल्यावर मास्तर गाठोडं काखेत मारून हळूच दाराकडे सरकू लागले. वहिनींनी मागून सदरा धरला.

"कुठे निघालात?"

"घरी. हसतील गं लोक."

"हसू देत. एवढ्या मायेनं माझ्यासाठी कधी टाका घातला नाहीत. चला, द्या तिला."

आणि त्यांना ढकलतच व्यासपीठावर नेलं. बाईने कौतुकाने कोट अंगात घातला. खालची कड नडगीपर्यंत, हात बाह्यांत बेपत्ता, वर आणखी एक गायिका आत आरामात राहिली असती. सभागृह खो खो हसलं. बाईही हसली. "अस्तर काय सुरेख लावलंय, काका! पण हा शिवलाय कुणाच्या मापाचा?"

मास्तर कोटाची खालची कड निरखू लागले. शेवटी शेजारधर्म म्हणून मीच खालून ओरडलो, "मास्तर, मोजपट्टी!"

त्यांचा हात गळ्याशी गेला. पट्टी त्यांनी मुठीत धरली, माझ्याकडे एकदा पाहिलं, तिची दोन्ही टोकं ओढून सारखी केली आणि म्हणाले, "ताई, कोट तुमच्या आवाजाच्या मापाचा आहे. अंग कमी पडलं, त्याला शिंपी काय करणार?"