मधलं बटण

पक्षाघातानंतर हात पुन्हा कामाला कसे लागतात, याचा मी अभ्यास करते. आज एक काका माझ्यासमोर शर्टाचं मधलं बटण लावत होते आणि मी घड्याळ लावून बघत होते. मदत करायची नाही, हा नियम. सहा महिने ते बटण काकूंनीच लावलेलं. काकू बाजूच्या बाकावर स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून बसल्या होत्या. बटण काजापर्यंत यायचं आणि निसटायचं. माझ्या तक्त्यात काकांच्या हाताच्या ताकदीला रकाना आहे, काकूंच्या हात आवरून धरण्याला नाही.

अखेर बटण लागलं, पण खालच्या काजात. काकू न राहवून उठल्या.

“राहू दे,” काका जड जिभेने म्हणाले, “असाच घरी येणार.”

काकू पुन्हा हातांवर बसल्या. माझं घड्याळ अजून चालूच होतं.