बिनबोलावलेलं पावणं

बोलावणं नसलेल्या ठिकाणी जायला माणूस लाजतो. आमचे पावणं मात्र फक्त तिथंच जायचे. मुरगूडहून आयटीआय करून ते कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या खोलीवर राहायला आले आणि आठवड्याभरात कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या कितीतरी कारखान्यांत चहा पिऊन आले. ओळख नाही, पाळख नाही. फाटकाशी उभं राहायचं आणि मशीन बघायला आलोय म्हणायचं. आमच्याकडं पावण्याला आधी चहा पाजतात, कोण-कुठला हे मागनं विचारतात. तेवढ्या वेळात ते एखादं मशीन बघून घ्यायचे. वय आमच्याएवढंच, पण 'पावणं' हे नाव असं पडलं की अहोजाहो आपोआप सुरू झालं.

मी तेव्हा डिप्लोमा करून कंपन्यांच्या फोनची वाट बघत पडून असायचो. फोन उशाशी, मी कॉटवर. पावणं शर्टाला इस्त्री करता करता म्हणायचे, "फोनला चार्जिंग हाय, तुला न्हाय." मी चिडायचो, ते शीळ घालत निघून जायचे.

त्यांना सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनवर ऑपरेटर व्हायचं होतं. जागा निघेल तेव्हा अर्ज करू, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. खंडेनवमीला कारखान्यांत यंत्रांची पूजा असते आणि फाटक सगळ्यांना उघडं. ही तर पावण्यांची पर्वणीच. त्या वर्षी ते एका मोठ्या कारखान्यात शिरले. नेमके मालकांचे होणारे जावई त्या दिवशी पूजेला यायचे होते आणि फोरमननं त्यांना कधी बघितलं नव्हतं. "मालकांस्नी भेटायचंय," एवढं पावण्यांनी म्हणायचा अवकाश, फोरमननं हाताला धरून आत नेलं, फेटा बांधला आणि पाटावर बसवलं. पावण्यांना वाटलं, माणसं फार चांगली आहेत. हळदकुंकू वाहता वाहता त्यांनी मशीनबद्दल इतकं विचारलं की जावयाची ही गोडी बघून फोरमन भारावून गेला.

मालक खऱ्या जावयाला घेऊन आले तेव्हा हे मशीनपुढं नारळ वाढवत होते. आता अर्ध्या पूजेतून पाटावरच्या माणसाला उठवायचं कसं? आरती संपेपर्यंत मालक दातओठ खात टाळ्या वाजवत राहिले आणि जावई मागं चपलांपाशी उभे. प्रसाद वाटून झाल्यावर मालकांनी विचारलं, "पावणं, तुम्ही कुणाचं?"

"कुणाचंच न्हाय. मशीन चालवून दाखवू काय?"

खंडेनवमीला यंत्र चालू करत नाहीत. मालकांनी कपाळावर हात मारला, पावण्यांना जेवू घातलं आणि दसरा झाल्यावर या म्हणाले. बहुधा सुटका करून घ्यायला म्हणाले असावेत.

पावणं गेले, आणि सगळं बिघडवून आले. जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा लोखंडाचा तुकडा, वाया गेला, कापायचं टूल मोडलं, मालकांनी परत पाठवलं. पण निघण्याआधी काय चुकलं ते त्यांनी फोरमनकडून नीट समजून घेतलं होतं. मग संध्याकाळी राजारामपुरीतच प्रोग्रॅमिंगचा क्लास आणि दिवसभर एका छोट्या वर्कशॉपमध्ये पडेल ते काम. मधे एकदा ताप आला, तरी क्लास चुकवला नाही. उन्हाळा संपता संपता ते त्याच मालकांपुढं पुन्हा उभे राहिले. या वेळी जॉब बरोबर निघाला आणि ते कामाला लागले.

खोली सोडून कागलला निघाले त्या दिवशी मी त्यांची बॅग रिक्षात ठेवली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "नशीब काढलंत, पावणं." इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते चिडलेले दिसले.

"नशीब? लेका, टूल मोडलं तवा कुठं गेलतं तुझं नशीब? तिथं मी एकटाच हुतो की."

रिक्षा वळली. त्या माणसावर आपला किती जीव आहे, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी कागलची बस पकडली. पहिल्याच फाटकावरून मला हाकलून दिलं. मी शेजारच्या फाटकाकडं चालायला लागलो.