वीस पावलांवर एक चर

जंगलतोडीच्या कामावर त्याला सगळे चरमास्तर म्हणायचे. हुद्दा साधा, पोकलेन चालवणाऱ्याचा. पण ओंडके ओढायला डोंगरात जे कच्चे रस्ते पाडतात, त्यांवरून पावसाचं पाणी धावत सुटलं की माती घेऊनच ओढ्यात उतरतं. ते बाजूला काढायला रस्त्यात तिरके चर मारावे लागतात. ते नेमके कुठे, हे मास्तरइतकं कोणालाच कळत नसे. तो रस्त्यावर कॅनभर पाणी ओतायचा आणि ओघळ जाईल तसा मागोमाग चालत जायचा. त्याचे चर मोजकेच, पण एकेका चराचं पाणी पाचोळ्यात जाऊन मुरायचं. वर तो त्यावर एवढी व्याख्यानं झोडायचा की टोळीतली माणसं त्याला बघून डबा उचलून दुसऱ्या झाडाखाली जायची.

वनखात्याची एक योजना होती. ज्या ठेकेदाराच्या तोडीखालचा ओढा हंगामभर नितळ राहील, त्याला जंगलाचा पुढचा पट्टा लिलावाशिवाय मिळे, आणि टोळीला पावसाळ्यात काम बंद असताना घरबसल्या पगार. खात्याची एक बाई दर आठवड्याला पुलाखालचं पाणी बाटलीत भरून न्यायची. सलग तीन वर्षं बक्षीस याच टोळीला लागलं. ठेकेदार मास्तरला गाडीत पुढच्या सीटवर बसवू लागला, आणि मास्तरलाही ती सीट गोड लागू लागली होती, खोटं कशाला बोला.

पुलाच्या खालच्या अंगाला त्याची थोरली बहीण राहायची. नवरा गेल्यावर तिने सिमेंटच्या आठ टाक्या बांधून माशांची पिल्लं वाढवायला घेतली होती. नखाएवढे जीव, ओढ्याच्या वाहत्या पाण्यावर जगणारे. गाळ आला तर तो कल्ल्यांत बसायचा आणि पिल्लं तासाभरात मरायची. पण वर भाऊ आहे म्हटल्यावर ताई निर्धास्त होती.

चौथ्या वर्षी साहेब बदलला. पाणी तपासून अहवाल यायला महिना जातो, त्यापेक्षा चरच मोजू, असं नव्या साहेबाने ठरवलं. दर वीस पावलांवर एक चर, प्रत्येकाचा फोटो, खाली चालकाची सही. बाटल्या भरणाऱ्या बाईला दुसऱ्या टेबलावर बसवलं.

मास्तरने ठेकेदाराला गाठून सांगितलं, झऱ्याजवळच्या वळणावर असे चर मारले तर सगळं पाणी भुसभुशीत उतारावर पडेल, आणि उतार ओढ्यात येईल.

ठेकेदार चिडला नाही. "मास्तर, पाणी आता कोणी बघत नाही. चर बघतात. तुम्हाला जमत नसेल तर दुसरा चालक आणतो. फक्त यंदा घरबसल्या पगार का नाही, ते टोळीला तुम्हीच सांगा."

मास्तर पोकलेनवर चढला. एकशे चाळीस चर मारले, त्यातले नऊ त्या वळणावर, आणि प्रत्येक फोटोखाली वळणदार सही केली.

त्याच आठवड्यात ताईने त्याला स्वयंपाकघरात चहाला बसवलं. आजवर ती पाचच टाक्या भरायची. "यंदा आठही भराव्यात म्हणते. पाणी कसं राहील?"

नाही म्हणावं तर ती का म्हणून विचारणार, आणि बोलणं वरपर्यंत जाणार. शिवाय पाऊस कमीही पडेल, कोणी सांगावं.

"भर," तो म्हणाला. "पाणी नितळ राहील."

ऐन पावसाळ्यात तीन दिवस झड लागली, आणि तिसऱ्या दुपारी उतार खाली आला. मास्तर धावत पोचला तेव्हा टाक्यांत गेरू कालवल्यासारखं पाणी पडत होतं. ताई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून चाळणीने पिल्लं बादलीत टाकत होती, आणि बादलीतलं पाणीही तेच होतं. त्याने ओढ्याकडून येणाऱ्या नळाचं तोंड बंद केलं. पाणी थांबलं तशी वाचलेली पिल्लं तोंडं उघडत वर आली. उघडं ठेवावं तर गाळ, बंद करावं तर हवा नाही. थोड्या वेळाने आठही टाक्या वरून पांढऱ्या झाल्या.

साहेब चौकशीला आला. वळणापाशी चिखलावर ओंडके टाकून वाट केली होती, तिच्यावरून त्याने चर मोजले. फोटो जुळवले, सह्या बघितल्या. मोजणी पूर्ण भरली. ठेकेदाराला पुढचा पट्टा मिळाला, टोळीला पगार.

ताईने खात्याकडे भरपाईचा अर्ज केला होता. तो निकालात निघण्याआधी मास्तरला राहवलं नाही. कचेरीत जाऊन त्याने लिहून दिलं की धोका ठाऊक असून आपण ते चर मारले. कारकुनाने कागद दोनदा वाचला आणि पुन्हा विचार करायला सांगितलं. मास्तरने सही केली.

त्या कागदाचं खात्याने सोनं केलं. दोष चालकाचा ठरला, म्हणून साहेब मोकळा आणि ठेकेदारही मोकळा. मास्तरचा परवाना गेला. ताईचा अर्जही फेटाळला गेला, कारण दोषी माणूस अर्जदाराचा सख्खा भाऊ, दोघांचं संगनमत असावं.

"आपलेच दात, आपलेच ओठ," कारकून म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

भावाला आधीपासून ठाऊक होतं, हे ताईला त्या नकाराच्या पत्रातून कळलं. तो दारात आला तेव्हा तिने फावड्याकडे बोट दाखवलं.

दीड महिना तो गाळ उपसत होता. ताई भाकरी झाकून ठेवायची आणि आत निघून जायची. टोळीतला एकही माणूस फिरकला नाही. पगार परत घेतात की काय, या धास्तीने ते त्याचं नावही काढत नसत. आठवी टाकी त्याने तळापर्यंत फडक्याने पुसली आणि ताईला बघायला बोलावलं.

तिने वाकून आत पाहिलं. "टाक्या ठेकेदाराला विकल्यात. डिझेलची पिंपं ठेवायला जागा हवी होती त्याला."

"कधी?"

"तू दुसरी टाकी उपसत होतास तेव्हा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"गाळासकट नको होत्या त्याला. मजूर लावायला माझ्याकडे होतं काय?"

दुसऱ्या दिवशी पिंपं आली. उतरवायला एक माणूस कमी पडत होता. ताईने भावाला निरोप धाडला, आणि तो गेला.