जावेच्या हाकेवर येणारी पिल्लं

गेल्या वर्षी चतुर्थी झाली आणि लेकीचा मयेहून फोन आला. तिला तिसरा महिना लागला होता. सातव्यात बाळंतपणाला येते म्हणाली, आणि माझा आनंद नीट पोटात उतरायच्या आत पुढचं बोलली. "आई, मोठीआईक आत्ताच सांगून ठेव गो. तिच्या कोंबड्यांची अंडी माका व्हयी."

मोठीआई म्हणजे माझी थोरली जाऊ. हळर्णला आमची दोन घरं एकाच आवारात आहेत, मागच्या दारांमध्ये जेमतेम पंधरा पावलं. दीर गेल्यापासून ती एकटीच असते. मुलगा मुरगावला बंदरात नोकरीला. फोन ठेवला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ महिने पोटात वागवली मी, आणि अंडी हवीत तिची. आणि हे काही आजचं नव्हे. लेक लहान होती तेव्हा माझी पेज ताटलीत थिजायची आणि पलीकडे जाऊन तीच पेज मिटक्या मारत खायची. मी तेव्हाही जळायचे, पन्नाशी उलटली तरी जळते. लपवून काय करायचं?

जावेचा आवाज हे माझं खरं दुखणं. पौषात धालोच्या मांडावर, म्हणजे रात्री गाणी म्हणत नाचायच्या अंगणात, आम्ही बायका ओळीने उभ्या राहिलो की गाणं उचलायचं ते तिनेच. मी त्या ओळीत नुसते ओठ हलवत उभी असते, कारण माझा आवाज फुटक्या बाल्दीसारखा. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी मोठ्याने गायले तेव्हा दोघीतिघी हसल्या होत्या. ती हसली नव्हती, पण ते मला आणखीच लागलं.

संध्याकाळी ती मागच्या दारात उभी राहून "बा, बा, बाऽऽ" करायची, शेवटचा बा लांब ओढून, की तिच्या कोंबड्या असतील तिथून धावत खुराड्यात शिरायच्या. एकही मागे राहायची नाही. मी जनेलातून बघायचे आणि जनेल लावून घ्यायचे.

तर लेकीचा फोन आला त्याच आठवड्यात मी पेडण्याच्या बाजारातून बारा पिल्लं आणली. माझ्या लेकीला माझ्या घरची अंडी मिळतील, कुणाच्या दारात वाडगा घेऊन जायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. पिल्लं कोंबडीविना वाढलेली, अंडी यंत्रात उबवलेली. संध्याकाळी घरी परतायचं हे त्यांना शिकवायला आईच नाही. विकणाऱ्याने नीट समजावून सांगितलं: थोडी मोठी झाली की खुराड्यात घालायची आणि आठ दिवस बाहेर काढायची नाहीत. दाणापाणी आतच. मग संध्याकाळी भुकेली असताना थोडा वेळ सोडायची, आणि खायला मिळेल ते खुराड्यातच. आणि रोज एकच हाक मारायची.

सगळं केलं, हाक तेवढी मारली नाही. मागच्या दारी उभी राहून माझ्या त्या आवाजात ओरडायचं, आणि पंधरा पावलांवर ती उभी. माझ्याच्याने होईना. म्हटलं, पिल्लांना दाण्याशी मतलब, हाक कशाला हवी? आमच्या ह्यांनी जुन्या दाराच्या फळ्यांचं खुराडं करून दिलं होतं. दिवेलागणीला पलीकडून तिची हाक सुरू व्हायची आणि मी इकडे मुकाट्याने कण्या टाकायचे. आठही दिवस अगदी असंच झालं.

नवव्या संध्याकाळी दार उघडलं. पिल्लं परसात पांगली, माती उकरू लागली. अंधारू लागलं तशी मी कण्यांचा डबा खुळखुळवला. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली. मी हळूच "या गो, या" म्हटलं. ऐकतंय कोण. दोन तर लिंबाच्या झाडावर चढायच्या खटपटीला लागली. तेवढ्यात पलीकडून आलं, "बा, बा, बाऽऽ."

बाराही पिल्लं एकदम उधळली आणि धडाधड शिरली कुठे, तर माझ्या खुराड्यात. तिच्या हाकेवर माझ्या खुराड्यात. तिचा आवाज आला की दाणा पडतो, एवढंच ती आठ दिवसांत शिकली होती. आमचे हे ओसरीवरून म्हणाले, "बरां झाला, वहिनीन तुझा काम हलक्यान केल्यान."

जाऊ पलीकडून हसून म्हणाली, "तुझी पिलां माझ्या हाकेक येतत गो." मी म्हटलं, "येऊ देत." दुसऱ्या दिवशी गडी लावून दोन्ही परसांच्या मधे झावळ्यांची वई घालून घेतली, पुरुषभर उंच कुंपण. सांगितलं की पिल्लं पलीकडे जाऊन तिच्या भाजीची नासधूस करतील. तिने कधी तक्रार केली नव्हती. मला तिला बघायचं नव्हतं, दुसरं काही नाही.

पिल्लं पुन्हा आठ दिवस कोंडली. तिच्या हाकेच्या आधी अर्धा तास दाणा टाकला, ओठांतल्या ओठांत काहीबाही पुटपुटले. काही उपयोग झाला नाही. झावळ्यांतून आवाज जायचा थांबतो थोडाच? सोडली की पिल्लं आपली माती उकरत राहायची, वईपलीकडून हाक आली की आत. मी फक्त कडी घालायला उरले.

मग एका संध्याकाळी हाक आलीच नाही. मी वाट पाहिली. काळोख पडला. दहा कशीबशी हाकलून कोंबली, दोन लिंबावर चढून बसली ती हाताला लागेनात. वईजवळ जाऊन "वहिनी, जरा हाक घाला" म्हणायला जीभ उचलली नाही. सकाळी लिंबाखाली पिसं पडली होती. उदमांजर. मी ती पिसं गोळा करताना काय मनात आणलं ते सांगते: मुद्दामच केलंय तिने. मला धडा शिकवायला.

त्यानंतर मात्र हाक चुकली नाही. दिवाळी गेली, थंडी पडली, रोज दिवेलागणीला "बा, बा, बाऽऽ." ऐकलं की जळायचे, आणि उशीर झाला की वईला कान लावून उभी राहायचे. पलीकडचा कोंबडा हल्ली पहाटे आरवत नाही हे मला जाणवलं होतं. म्हातारा झाला असेल मेला, म्हटलं, आणि सोडून दिलं. पौषात ती धालोला आली नाही. मी विचारलं नाही. त्या वर्षी गाणं दुसरीने उचललं, आणि मला बरं वाटलं हेही खरं.

धालो संपले आणि लेक आली. बॅग माझ्याकडे टाकली नि पोट सावरत वईला वळसा घालून आधी तिकडे गेली. मी चहा उकळत ठेवला, तो उकळून निम्मा झाला. परत आली ती दारातच थांबली.

"आई, मोठीआईकडे एकय कोंबडी नाय गो."

"नाय म्हणजे?"

"दिवाळीआधीच देऊन टाकल्यान. खुराड्यात लाकडां भरून ठेवली हत." मग सगळं सांगितलं. गुडघा गेला होता तिचा. हाक आली नाही त्या संध्याकाळी ती म्हापशाला डॉक्टरकडे होती, शेवटची बस चुकली. डॉक्टरने वाकायचं नाही म्हटलं, म्हणून कोंबड्या माहेरी धाडल्या. मुलगा कधीचा मुरगावला बोलावतोय, ती आज-उद्या करते आहे.

"मगे सांजवेळी हाक कोणाक घालतेस, म्हणून विचारलय मी," लेक म्हणाली. "तर म्हणता, तुझ्या आवशीची पिलां उघड्यार रवतीत."

तीन महिने. भिंत धरत मागच्या दारात यायचं आणि वईला तोंड करून माझ्या पिल्लांना हाक मारायची. माझे डोळे भरून आले असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण तसं झालं नाही. मी जळले. आयुष्यात कधी जळले नव्हते तशी. आवाज तिचा होता, माझी लेक तिची होती, तिथवर समजत होतं. पण हे जे तिच्यात होतं ते माझ्यात नव्हतं, आणि बाजारातून आणता येण्यातलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी वईजवळ उभी राहिले. तिची हाक यायच्या आधी तोंड उघडलं आणि ओरडले, "बा, बा, बा." फुटका तो फुटकाच. पिल्लं, आता अंड्यावर यायला झालेल्या तलंगा, माझ्याकडे बघत राहिली. मग झावळ्यांमागून आवाज आला, अगदी साधा. "शेवटचो ओढ गो. पोटातून."

मी ओढला. दोन आत गेल्या. ती पलीकडे उभी होती, पण एकदाही तिने हाक मारली नाही. बाकीच्या आठांना मी अर्धा तास बोलावत होते. रोज असं पंधरा दिवस चाललं. सोळाव्या दिवशी तिचा मुलगा गाडी घेऊन आला आणि तिला मुरगावला घेऊन गेला. जाताना लेकीच्या पोटावर हात ठेवला, मला म्हणाली, "येते." मी मान हलवली. वई काढून टाकते म्हणायचं होतं, ते राहिलं.

आता लेक बाळंत होऊन आतल्या खोलीत आहे. सकाळी माझ्या कोंबड्यांची दोन अंडी खाते, चांगली आहेत म्हणते. काल दिवेलागणीला मी मागच्या दारात उभी राहून हाक घातली. आता मला लाज वाटत नाही. शेवटचा बा ओढला, पोटातून, आणि पहिल्यांदाच दहाही एकदम धावत आल्या. आतून लेकीचा आवाज आला, आनंदून गेलेला.

"आई, मोठीआई इली काय गो?"

शेवटची कोंबडी मी आत घेतली. मग "नाय गो, मीच," म्हटलं आणि खुराड्याला कडी घातली.